सिस्टरचा डावा हात

टेबलापाशी आलेल्या नव्या माणसाचा हात मी सर्वांत शेवटी बघतो. आधी त्याचे पाय बघतो. पाय चुकीचे पडले असतील तर हातानं कितीही कसरत केली तरी नेम चुकतोच. हे वाक्य कुवेतमधल्या सलवा भागातल्या आमच्या क्लबात मी इतक्यांदा उच्चारलं आहे की तिथला सफाईवालाही ते हिंदीत म्हणून दाखवतो. पूल आणि स्नूकर शिकवणं हा माझा पेशा. त्याआधी काही वर्षं नाशिकच्या एका दैनिकात क्रीडापानावर उपसंपादक होतो. तिथली एक सवय अजून टिकून आहे. घडलं ते आधी लिहायचं, वाटलं ते नंतर, आणि तेही जागा उरली तर. दिवाळी अंकात जागा जरा सढळ असते, म्हणून या वेळी भीतीबद्दलही लिहितो आहे.

पूल ज्यांनी फक्त लांबून पाहिला आहे त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. खेळायच्या काठीला क्यू म्हणतात. उजखोरा माणूस क्यूचं मागचं टोक उजव्या हातात धरतो. डावा पंजा तो टेबलाच्या कापडावर घट्ट टेकवतो आणि त्याच्या अंगठ्याच्या बेचक्यातून क्यू पुढंमागं सरकवतो. टेकवलेल्या हाताला ब्रिज म्हणतात. उजवा पाय मागं, बरोबर क्यूच्या रेषेखाली. डावा थोडा पुढं आणि बाजूला. पांढऱ्या चेंडूला टोला द्यायचा, त्यानं दुसऱ्याला ढकलायचं. खेळ एवढाच आहे. पण पांढरा चेंडू कधीकधी अशा कोपऱ्यात जाऊन बसतो की उजव्या हातानं तिथं पोचता येत नाही. मग तीन मार्ग उरतात. एक पाय हवेत उचलून टेबलावर आडवं पडायचं, टोकाला फुली असलेली लांब दांडी क्यूखाली टेकू म्हणून घ्यायची, किंवा हात बदलायचा. तिसरा मार्ग सर्वांत चांगला आणि सर्वांत अवघड. बहुतेक जण पहिलाच निवडतात.

हात बदलण्याच्या बाबतीत माझ्या कायम लक्षात राहिलेलं गिऱ्हाईक म्हणजे पाटणकर. पुण्याचे, पेट्रोकेमिकलच्या प्रकल्पावर इंजिनियर. पहिल्याच दिवशी म्हणाले, "सर, अँगल मला शिकवू नका, तो माझा प्रांत आहे. फक्त डावा हात तयार करून द्या." आणि डाव्या हातात क्यू घेऊन टेबलावर वाकले.

"पाटणकर, पाय," मी म्हणालो.

"पायाला काय झालं?"

"हात डावा केलात, पाय उजव्याचेच राहिले."

"पायांतही डावंउजवं असतं होय?"

"एक डावा असतो, एक उजवा. ते आता अदलाबदल करून ठेवा."

त्यांना ते पटलं नाही. टोला मारला. चेंडू टेबलाबाहेर उडाला आणि बाकावर ठेवलेल्या कुणाच्या तरी चहात पडला. पाटणकरांनी कोपर चोळत माझ्याकडं पाहिलं. त्यांचं कोपर स्वतःच्याच बरगडीवर आपटलं होतं. हात बदलणाऱ्या प्रत्येकाची ही पहिली चूक असते. हाताकडं सगळ्यांचं लक्ष असतं, पाय मात्र जुन्या जागी उभे राहतात. कोपराला मागंपुढं जायला वाट उरत नाही आणि शेवटच्या क्षणी मनगट आत वळतं. चेंडू नेमका तेवढाच चुकतो.

माझ्यावर ही वेळ पुढं आली आणि ती हौसेनं आली नाही. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिसवर जाणं सुरू झालं. त्यासाठी माझ्या डाव्या हातात, मनगट आणि कोपराच्या मध्ये, शस्त्रक्रिया करून एक धमनी शिरेला जोडली. याला फिश्चुला म्हणतात. त्यामुळं शीर फुगून जाड होते आणि तिच्यात दर खेपेला नवी सुई खुपसता येते. तिच्यावर बोट ठेवलं तर मांजर गुरगुरावं तशी थरथर लागते. ती थरथर आहे तोवर डायलिसिस होणार. ती थांबली तर सगळंच नव्यानं. डॉक्टरांनी बजावलं की या हातावर भार द्यायचा नाही, तो कशाच्या कडेवर दाबायचा नाही, त्या मनगटाला घड्याळसुद्धा बांधायचं नाही. माझा ब्रिजचा हात नेमका तोच होता. आयुष्यभर तो टेबलाच्या लाकडी कडेवर रेलून ठेवलेला.

तेव्हा मी क्यू डाव्या हातात घेतला आणि उजवा पंजा टेकवू लागलो. पन्नाशी ओलांडल्यावर कोच स्वतःच्या टेबलावर शिकाऊ झाला. रोज सकाळी क्लब उघडण्यापूर्वी पाण्याची रिकामी बाटली टेबलावर आडवी ठेवायची आणि क्यूचं टोक तिच्या गळ्यात कडेला न लागता आतबाहेर करायचं. बाटली हलली की पुन्हा पहिल्यापासून. क्लबचे मालक अबू सालेम यांना मी खरं कारण सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दारावर पाटी लावली: दोन्ही हातांनी शिकवणारा कोच. गिऱ्हाइकं वाढली. माझा उजव्या हाताचा खेळ मात्र कायमचा गेला. तो बरा होता. त्याची हळहळ अजून वाटते.

ज्या युनिटमध्ये मी जातो तिथल्या बहुतेक नर्स केरळच्या किंवा फिलिपिन्सच्या. मराठी एकच, सिस्टर संगीता, लातूरकडच्या उदगीरच्या. माझी शीर खोल आहे आणि मधेच वळते. इतरांना ती सापडायची, हरवायची. सिस्टर संगीता डोळे मिटून एका बोटानं ती चाचपायच्या, आणि सुई एकदाच जायची. सुई म्हणजे इंजेक्शनची नव्हे. रिफिलएवढी जाड, आणि अशा दोन. शेजारच्या खुर्चीवर बशीरभाई असायचे, हैदराबादचे, खैतानमध्ये शिलाईचं दुकान. ते म्हणायचे, "मियाँ, उम्र गुजर गई सुई के साथ. मैं सुई से नहीं डरता, हाथ से डरता हूँ." मी हसायचो. सिस्टर संगीता ड्यूटीवर असल्या की मला हसता यायचं.

एका सोमवारी त्यांनी नेहमीप्रमाणं दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई उचलली. सुईचं टोक हवेत लहानसा गोल काढत होतं. क्यूचं टोक असं फिरताना मी हजारो वेळा पाहिलं आहे. नवख्याचा क्यू असाच फिरतो. पण या नवख्या नव्हत्या.

"काय बघायलाव, सर?"

"काही नाही."

"खरं सांगा."

"टोक हलतंय."

त्यांनी सुईकडं पाहिलं. मग ती ट्रेमध्ये ठेवली, माझा पट्टा सोडला आणि म्हणाल्या, "थांबा. मी नाही टोचत आज." त्या सरळ इनचार्जच्या टेबलाशी गेल्या. काय बोलल्या ते काचेतून ऐकू आलं नाही. त्यांनी स्वतःचा उजवा हात समोर धरून दाखवला, एवढं दिसलं.

दुसरी नर्स आली. तिची सुई शिरेच्या पलीकडच्या भिंतीतून बाहेर गेली. हात डोळ्यांसमोर फुगला, संध्याकाळपर्यंत कोपरापासून मनगटापर्यंत काळानिळा झाला. पुढचे काही दिवस बर्फ, मलम आणि थरथर चालू आहे का हे दर तासाला तपासणं. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की असं आणखी एकदोन वेळा झालं तर ही शीर जाईल. मग मानेत नळी, मग नवी शस्त्रक्रिया, आणि त्यासाठी दुसरी चांगली शीर मिळेल की नाही ते उघडल्यावरच कळेल. क्रीडापानावर मी 'अस्तित्वाची लढाई' असे मथळे कितीतरी वेळा दिले होते. कबड्डीच्या उपांत्य सामन्यालाही दिले होते. त्या रात्री डाव्या हातावर उजवं बोट ठेवून झोपलो, आणि झोपेत बोट सरकलं की दचकून जागा व्हायचो.

सिस्टरांच्या हाताचं निदान झालं. आनुवंशिक कंप. त्यांचे वडील दोन्ही हातांनी कप धरून चहा प्यायचे, तोच हा आजार. जिवाला धोका नाही. गोळ्या आहेत, पण त्यांनी नाडी मंदावते, झोप येते. कंप उजव्या हाताला. डावा सध्या स्वच्छ. डॉक्टरांनी 'सध्या' हा शब्द वापरला, तो सिस्टरांनी मला जसाच्या तसा सांगितला. इनचार्जनं सुया काढून घेऊन त्यांना मशीन धुण्याभरण्याच्या कामावर ठेवलं. करार संपत आला होता. डायलिसिसच्या युनिटमध्ये सुई न टोचणारी नर्स कायमची कुणी ठेवत नाही. नोकरी गेली की इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना गेला, आणि इकामा गेला की देश सोडायचा. उदगीरला त्यांची मुलगी आजीजवळ वाढत होती; सिस्टरांच्या पगारावर ते घर उभं होतं.

त्या दिवसांत त्या माझ्या सुयांवरच्या चिकटपट्ट्या लावायला यायच्या. मी त्यांच्या उजव्या हाताकडं बघत राहायचो. हवेत असला की तो थरथरायचा. माझ्या हातावर टेकला की थांबायचा. पूर्ण थांबायचा. टेकलेला हात हलत नाही, हे मी जन्मभर इतरांना शिकवत आलो होतो. उजवा टेकवायचा, काम डाव्यानं करायचं. मी स्वतः तेच करत होतो. यात परोपकार नव्हता. मला माझी शीर वाचवायची होती आणि ती सापडणारं बोट युनिटमध्ये एकच होतं.

"सिस्टर, डाव्या हातानं काय काय करता?"

"काय करणार? भांडी घासताना ताट धरते."

"शुक्रवारी सकाळी क्लबात या."

"मी? बाप्यांच्या क्लबात?"

"सकाळी बंद असतो. माझी बायको असेल."

"आन् करू काय तिथं येऊन?"

"बाटलीच्या गळ्यात काठी घालायची."

त्या इतक्या हसल्या की मास्क नाकावरून खाली आला. मग एकदम गंभीर झाल्या. "सर, खरंच होतं का हो असं?"

मी म्हणालो की माहीत नाही. ते खरंच होतं.

शुक्रवारी त्या आल्या. माझी बायको मेधा कोपऱ्यातल्या बाकावर वाटाणे सोलत बसली. सिस्टरांनी क्यू डाव्या हातात घेतला, उजवा पंजा कापडावर टेकवला. पंजा थांबला. त्यांनी स्वतःच त्याच्याकडं असं पाहिलं, जणू दुसऱ्या कुणाचा आहे.

"आता पाय," मी म्हणालो. "डावा मागं, क्यूच्या खाली. उजवा पुढं."

"हात शिकवायलाव का पाय?"

"घरीही हेच," मेधा बाकावरून म्हणाली. "आमटी खारट झाली तरी विचारतील, फोडणी देताना उभी कुठं होतीस?"

पहिल्या दिवशी बाटली सारखी घरंगळली. दुसऱ्या शुक्रवारी कमी. नंतर मी बाटली बदलून अरुंद गळ्याची ठेवली, मग त्याहून अरुंद. चेंडूला टोला मारायचं शिक्षण मी त्यांना जवळजवळ दिलंच नाही. त्यांना टोला मारायचा नव्हता. त्यांना काठी ढकलायची नव्हती, जाऊ द्यायची होती. श्वास सोडता सोडता, सरळ, हवी तिथं थांबेल अशी. काही सकाळी डावं टोकही किंचित हलायचं. रात्रपाळीचा शीण असेल. किंवा 'सध्या' संपलं असेल. त्या माझ्याकडं बघायच्या, मी बाटलीकडं बघायचो. मेधाच्या वाटाण्यांचा आवाज तेवढा वेळ थांबायचा.

जुम्म्याच्या नमाजनंतर अबू सालेम यायचे, कॉफीची पितळी सुरई घेऊन. इथली रीत अशी की सुरई डाव्या हातात आणि कप उजव्या. द्यायचं ते उजव्यानं, घ्यायचं तेही उजव्यानं. कप इवलासा, तळाशी थोडीशीच कॉफी. पिऊन झालं की कप पुढं केला तर पुन्हा भरतात. नको असेल तर कप हलवून परत करायचा. सिस्टरांनी पहिला कप संपवला आणि पुढं केला. कप थरथरला. अबू सालेमनी तो हसून काढून घेतला.

"सिस्टर, एक ही? खलास?"

ते गेल्यावर सिस्टर मला म्हणाल्या, "अजून घ्यायची होती की."

"मग सांगायचं ना," मेधा म्हणाली.

"काय सांगू, वहिनी? हात आपला आपण हलतो म्हणून?"

पुढच्या शुक्रवारी अबू सालेमनी कप काढून घेतला नाही. सुरई धरून उभे राहिले आणि तोंडानं विचारलं, "और?" त्यांना कुणी सांगितलं ते मी मेधाला विचारलं नाही.

सिस्टरांनी इनचार्जपासून यातलं काहीच लपवलं नव्हतं. इनचार्ज कोट्टायमच्या, कडक बाई. त्यांनी सरावासाठी रबराच्या कातडीचा, आत नळ्या असलेला नकली हात दिला आणि पाठीमागं उभं राहून बघत राहिल्या. बरेच आठवडे बघितल्यावर त्या युनिटच्या डॉक्टरांशी बोलल्या. डॉक्टरांनी परवानगी दिली, पण पेशंटची संमती पाहिजे, आणि पहिल्या वेळी इनचार्जनं शेजारी थांबायचं. पहिलीच वेळ फसली तर पुढं काही नाही. सिस्टरांचे कागद परत जाणार. इनचार्जनं खुर्च्यांच्या रांगेकडं बघून विचारलं, "पहला कौन?"

बशीरभाईंनी डोळे मिटून घेतले. मी उजवा हात वर केला.

घरी सांगितल्यावर मेधानं पोळी तव्यावरच राहू दिली.

"तुमचा हात म्हणजे टेबल नाही. टेबलाचं कापड फाटलं तर शुवैखहून दुसरं आणून ताणता. हाताला काय ताणणार?"

"दुसऱ्या कुणाला सिस्टरांचा हात माहीत नाही."

"बाबा, लेट समवन एल्स गो फर्स्ट," आमची मुलगी इरा जेवणाच्या टेबलावरून म्हणाली. "व्हाय मस्ट इट बी यू?"

"कारण दुसरं कुणी तयार नाही."

"तुम्हाला भीती नाही वाटत?" मेधानं विचारलं.

"वाटते."

"मग?"

पोळी जळली. ती तिनं मलाच वाढली.

ठरलेल्या दिवशी मी खुर्चीवर पाठ टेकली. इनचार्ज उजव्या बाजूला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कोई बात नहीं करेगा." सिस्टरांनी पट्टा बांधला, डोळे मिटले, बोटानं शीर शोधली. ते बोट उजव्या हाताचं होतं. माझ्या हातावर टेकलेलं, म्हणून स्थिर. मग त्यांनी सुई डाव्या हातात घेतली. टोक स्थिर होतं. एवढं बघून मला पुढचं बघवेना. फुगलेला काळानिळा हात आठवला. मानेतली नळी आठवली, जी मला कधी लावलेली नव्हती. मी मान वळवून जमिनीकडं पाहिलं.

जमिनीवर सिस्टरांचे पांढरे बूट होते. उजवा मागं, डावा पुढं.

उजखोऱ्याचे पाय. साहित्याची गाडी नेहमीच्या जागी, म्हणजे उजव्या हातानं टोचणाऱ्या नर्सच्या सोयीनं उभी होती, आणि त्या गाडीनं त्यांना जुन्याच जागी उभं केलं होतं. क्लबात ती गाडी नव्हती. नकली हात ठेवलेल्या टेबलाशीही नव्हती. मी इतके शुक्रवार पाय पाय करत होतो आणि खुर्चीशेजारी काय काय उभं असतं ते रोज बघूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आता कोपर बरगडीला लागणार. शेवटच्या अर्ध्या बोटाला मनगट आत वळणार. टेबलावर एवढ्यानं चेंडू चुकतो. माझ्या हातात तेवढीच शिरेची भिंत होती.

बोलावं तर सुई कातडीला टेकत आलेली. त्या दचकल्या तर? न बोलावं तर काय होणार ते मला माहीत होतं.

"सिस्टर. पाय."

सुई थांबली.

"क्या हुआ? बात नहीं," इनचार्ज म्हणाल्या.

सिस्टरांनी खाली पाहिलं. क्षणभर तशाच वाकून राहिल्या. मग सुई ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "इनचार्ज सिस्टर, ये ट्रॉली उधर लेनी पडेगी."

"क्यूँ? यहीं रहती है हमेशा."

"हमेशा राइट हँड से करते थे ना."

इनचार्जनं माझ्याकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं आणि गाडी स्वतः ढकलली. चाकं करकरली. रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. सिस्टरांनी डावा पाय मागं घेतला, उजवा पुढं. हातमोजे बदलले, नवी सुई उघडली. कोपर मोकळं झालेलं मला दिसलं. उजवा पंजा माझ्या हातावर टेकला, कातडी ताणली गेली.

"डोळे मिटा, सर."

"नाही मिटत."

"मग माझ्या पायाकडं बघा. तुमची सवयच आहे."

मी पायांकडं बघत राहिलो. त्यांनी श्वास सोडलेला ऐकू आला. टोचल्याची कळ आली, नेहमीचीच. नळीत लाल रंग चढला. मी हातावर बोट ठेवायला गेलो तर इनचार्जनं माझं बोट बाजूला केलं आणि स्वतःचं ठेवलं. थोडा वेळ ठेवलं. मग म्हणाल्या, "दूसरी."

दुसरीही गेली. पंप फिरू लागला. सिस्टर पट्ट्या लावायला वाकल्या तेव्हा त्यांचा उजवा हात हवेत होता, आणि तो पूर्वीसारखाच थरथरत होता.

इनचार्ज शेजारच्या खुर्चीकडं वळल्या. "बशीरभाई, अगली बार आप?"

बशीरभाईंनी माझा हात बराच वेळ न्याहाळला, जसं शिवलेल्या कपड्याची शिलाई तपासावी. मग चादर ओढून स्वतःचा हात झाकला. "माशाअल्लाह, अच्छा किया बेटी ने," ते म्हणाले. "लेकिन मेरी सुई वो नर्स लड़का ही लगा देगा, हमेशा की तरह." सिस्टर म्हणाल्या, "कोई बात नहीं, चाचा," आणि हात धुवायला गेल्या. नळ बराच वेळ चालू होता.

सिस्टरांच्या कराराचं नूतनीकरण झालं. त्या वेळी त्यांना टोचू देणारा पेशंट मी एकटाच होतो. इनचार्जनं शिफारशीत काय लिहिलं ते मला माहीत नाही. आता आणखी काही जण हात पुढं करतात. माझ्या खुर्चीची गाडी दुसऱ्या बाजूला उभी असते. बशीरभाई अजून चादर ओढून घेतात. त्यांना दोष देता येत नाही. डॉक्टरांचं 'सध्या' अजून तेवढंच लांब आहे, आणि ते कुठं संपतं ते कुणालाच सांगता येत नाही. दर खेपेला सुई उचलली की मी आधी टोकाकडं बघतो, आणि टोक स्थिर दिसेपर्यंत श्वास घेत नाही. मग खाली बघतो.

परवाच्या सोमवारी सिस्टरांच्या पायांत नवे बूट होते, जाड तळव्यांचे.

"घसरत नाहीत ना?" मी विचारलं.

"सर," त्या म्हणाल्या, "डोळे मिटा."

मी मिटले नाहीत.